भोकं बुजेस्तोवर

डॉक्टरांनी ओली फिल्म चिमट्याने धरून दिव्याच्या पेटीवर लावली, तशा चांगुणा वन्सं माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या आणि पुढे होऊन बघायला लागल्या. बघू नका म्हणायला कुणाला सुचलंच नाही.

"ह्ये माझं डोस्कं?"

"तुमचंच," डॉक्टर म्हणाले.

"केसं कुठं गेली?"

"केस यात येत नाहीत. नुसतं हाड येतं."

"बघ गं अंजने," वन्सं माझ्याकडे वळल्या, "एवढा संसार केला, पर मालकांनी बी कवा माझं डोस्कं आतनं बघितलं न्हाई. आन् ह्यो परका मानूस दिवा लावून बघतोय."

मला हसू आलं, पण डॉक्टर हसले नाहीत. वन्संनी पुन्हा फिल्मकडे पाहिलं. पांढुरक्या कवटीवर काळे काळे गोल होते. कुणी लोहाराच्या पोगराने पाडावेत तसे, कडा स्वच्छ. काही मोठे, काही मुगाएवढे.

"आन् ही भोकं कसली?"

डॉक्टरांनी दिवा बंद केला. "हाड जरा विरलंय," एवढंच बोलले, आणि माझ्या यजमानांना म्हणाले, "साहेबराव, बाहेर येता का जरा?"

वन्सं माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. शिरूरला घोडनदीच्या अंगाला त्यांचं घर, दोन म्हशी आणि आळीभर दुधाची गिऱ्हाइकं. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. भाऊ दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर. आमच्याकडे येऊन राहा म्हटलं की म्हणायच्या, "इंजनाची काजळी खायाला व्हय?" दिवाळीपासून त्यांची कंबर दुखत होती. बिब्बा घालून झाला, विटेचा शेक देऊन झाला. माघात एका सकाळी दुधाची किटली उचलताना बरगडी कट्‌कन वाजली. रोजची किटली, रोजचंच ओझं. त्याने हाड कसं मोडेल, म्हणून कुणी खरं मानेना. निरोप आला तसे हे स्वतः शिरूरला गेले आणि न्हावऱ्यावरून येणाऱ्या एस.टी.ने त्यांना घेऊन आले. वन्संचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. सत्याहत्तर सालची ही गोष्ट.

दौंडच्या डॉक्टरांनी आधी छातीचाच फोटो काढला होता. त्यात काय दिसलं देव जाणे, पण मग म्हणाले, कमरेचा काढू, डोक्याचाही काढू. बुगड्या काढल्या, आकडे काढले, अंबाडा सोडला. वीज मध्येच मंदावायची, मग मशीन थांबायचं, आणि वन्सं त्या गार फळीवर पडून डॉक्टरांना सांगायच्या, "माझ्या म्हशीसुदिक एवढा येळ धारंला उभ्या ऱ्हात न्हाईत."

बाहेर डॉक्टरांनी ह्यांना काय सांगितलं ते मला पुण्यात कळलं. दौंडहून पॅसेंजरने आम्ही तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो होतो. वन्संच्या छातीच्या हाडात सुई घालून आतला मगज काढला. त्या वेळी त्यांनी डॉक्टरांच्या सात पिढ्यांचं नाव घेतलं, पण हलल्या नाहीत. नंतर आवारातल्या नळावर तोंड धुता धुता हे मला म्हणाले, "कॅन्सर आहे. हाडातल्या मगजाचा. मायलोमा म्हणतात. आक्काला शब्द कळू द्यायचा नाही."

मी मान हलवली. त्या काळी असंच करायचे सगळे. ज्याचं दुखणं त्याला सोडून बाकी घराला सगळं ठाऊक. पण वन्संना शब्द कळला नाही तरी चित्र तर त्यांनी पाहिलेलंच होतं. डोक्यात भोकं पडलीत, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. येता-जाता कपाळावर, कानामागे हळूच बोट फिरवायच्या. लागतात का बघायच्या.

पुण्याच्या डॉक्टरांनी दोन जातींच्या बारक्या गोळ्या दिल्या. महिना सवा महिन्याने चार दिवस घ्यायच्या, मग बंद, मग पुन्हा चार दिवस. वन्सं म्हणाल्या, "ह्या वयात बाजूला बसनं सुटलं हुतं. तर ह्या बाबानं पुन्ना महिन्याला चार दिस लावलं." दोन गोष्टी मात्र डॉक्टरांनी बजावून सांगितल्या. अंथरुणाला खिळायचं नाही, चालतं राहायचं. आणि पाणी. रोज चांगलं तीन तांबे पाणी पोटात गेलंच पाहिजे. ह्या आजारात रक्तातून गाळ येतो, तो लघवीवाटे वाहून गेला नाही तर मूत्रपिंडांत बसतो आणि ती बंद पडतात.

वन्सं आमच्या क्वार्टरमध्ये राहिल्या. पहिले दोन महिने वाईट गेले. उलट्या व्हायच्या, कूस बदलताना ओरडायच्या. नंतर हळूहळू दुखणं ओसरायला लागलं. त्यातल्या दुसऱ्या जातीच्या गोळ्यांनी भूक वाढली, तोंड गोल झालं. "बघ, तुझ्या हातचं खाऊन कशी गुटगुटीत झाले," म्हणून मलाच टोमणा. मी पहाटे उठून तुळशीला पाणी घालते, पूजा, पोथीचा अध्याय झाल्याशिवाय चहा घेत नाही, सोमवार-चतुर्थी धरते. त्यावरून त्या मला नेहमीच चिडवायच्या. "अगं, तुझ्या देवाला तरी एक दिस सुट्टी दे. त्यालाबी वाटंल, ही बाई माह्यारी का जात न्हाई." मी वाती वळत राहायची. माझं माहेर वरवंडला. तिथे गेले तरी देव्हारा काही सुटत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

चैत्रात त्या आठ दिवस शिरूरला जाऊन आल्या. म्हशी शेजारच्या दगडाबाईंकडे सोपवलेल्या, त्या बघायच्या होत्या. परत आल्या त्या जरा शांत होऊन. आल्या आल्या म्हणाल्या, "अंजने, म्या बी आता तुमच्या पंगतीला बसले. शनवार धरलाय मारुतीचा."

मला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. आजारी माणसाने देवाचं काही धरलं की मनाला खुंटी मिळते, असं मी मानत आले आहे. शनिवारी मी त्यांना भगर करून द्यायचे, तर म्हणायच्या, नको, मला कडक करायचाय. उपासाला सवय नाही, झेपेल का, एवढं मी विचारलं. पाण्याचं विचारलं नाही. तांब्या-भांडं त्यांच्या उशाशी भरलेलं असायचंच.

भाद्रपद संपता संपता डॉक्टरांनी पुन्हा फोटो काढायला बोलावलं. दौंडलाच, त्याच खोलीत. वन्सं त्या दिवशी पायी गेल्या. माघात रिक्षातून उतरवताना दोन माणसं लागली होती, आणि आता पुढे त्या आणि मागे आम्ही. नवं लुगडं नेसल्या होत्या. लग्नाला निघाल्यासारखं काय हे, म्हणून मी हसले, तर म्हणाल्या, "फोटू काढायचा म्हंजी जरा नीटनेटकं नको?" पण वाटभर बोट सारखं कानामागे जात होतं.

डॉक्टरांनी पेटीवर दोन फिल्म शेजारी शेजारी लावल्या. जुनी डावीकडे, नवी उजवीकडे. बराच वेळ एकीवरून दुसरीकडे पाहत राहिले. मग समाधानाने म्हणाले, "छान. तसंच आहे सगळं."

मी पाहिलं. खरंच तसंच होतं. कपाळाच्या वरचं मोठं भोक तिथेच, कानामागची बारकी तिथेच. जसं काही मधले महिने गेलेच नव्हते.

वन्संनी जुन्या फिल्मवरचं एकेक भोक नव्या फिल्मवर शोधलं. त्या काय शोधतायत, हे डॉक्टरांना कुठून कळणार? बाहेर माणसं खोळंबली होती. डॉक्टरांनी रक्ताच्या तपासणीचा कागद पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"बाकी ठीक आहे. पण युरिया वाढलाय."

"युरिया?" ह्यांनी विचारलं.

"रक्तातला. मूत्रपिंडावर ताण आला की वाढतो. बाई, पाणी पिताय ना?"

"पिते की," वन्सं म्हणाल्या. मग, सवयच ती, म्हणाल्या, "उसाला टाकत्यात त्योच का युरिया? मंग पीक बरं येईल."

डॉक्टर हसले. पाणी वाढवा म्हणाले, गोळ्या आहेत तशाच चालू ठेवा म्हणाले, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी आलो तशा वन्संनी पिशवी काढली आणि लुगडी घडी करून भरायला लागल्या. गोळ्यांची डबी तेवढी फडताळात राहू दिली.

"आक्का, कुठं निघाली?" ह्यांनी विचारलं.

"घरला. म्हशी वाट बघत असत्याल."

"अगं, गोळ्या..."

"गोळ्या तुझ्या इंजनाला घाल," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त लागलं. "म्या काय आंधळी न्हाई, साहेबा. दोन्ही फोटू बघितलं. एक भोक बुजलं न्हाई. गोळ्यांनी बी न्हाई आन् देवानं बी न्हाई. मंग कशाला सोताची आतडी जाळायची?"

"पण डॉक्टर छान म्हणाले."

"त्येंचं काय जातंय छान म्हनायला? त्येंच्या डोस्क्यात हायत का भोकं?"

ह्यांना ड्यूटी होती. माझ्याकडे बघून, काहीतरी कर, अशी खूण करून गेले. मी वन्संजवळ बसले आणि एक लुगडं पिशवीतून काढून मांडीवर घेतलं. त्यांनी ते ओढून घेतलं नाही.

"वन्सं, देवानंबी नाही म्हणालात. देवाला काय बोलला होता?"

त्यांनी हातातली घडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुला सांगायचं तर आता काय लाजायचं. चैतात गेले हुते तवा घाटावरच्या मारुतीम्होरं उभी ऱ्हायले. बायकांनी दुरूनच हात जोडायचं, तसं दुरूनच. म्हनलं, बाबा, माझ्या डोस्क्यातली भोकं बुजेस्तोवर शनवारी तोंडात पान्याचा थेंब घेणार न्हाई. सूर्य उगवल्यापास्नं दुसरा उगवस्तोवर."

मी मनात मोजायला लागले. चैत्रापासूनचे सगळे शनिवार. वैशाखातले शनिवार, जेव्हा दौंडचा फलाट तव्यासारखा तापतो. आणि उशाशी भरलेला तो तांब्या.

"अहो, पण डॉक्टरांनी पाण्याचं किती बजावलं होतं..."

"म्हनूनच तर पानी सोडलं. जे सोडून काय बिघडत न्हाई त्ये सोडायला देव काय येडा हाय? मिठाचं सोडलं असतं तर त्यो म्हनला असता, हिला काय जड गेलं?" त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तूच तर करतीस की. तू काय सुटसुटीत बघून धरतीस?"

मी मांडीवरच्या लुगड्याची घडी सारखी केली.

"आता तरी सोडा," मी म्हटलं. "शनिवारी पाणी प्या. बाकी उपास करा."

"बोललेलं माघारी घिऊ? तू घेशील? तुझ्या गळ्याची आन हाय, खरं सांग. तू घेशील?"

मी खरं सांगितलं. "नाही घेणार."

"मंग?" म्हणाल्या, आणि दुपारच्या एस.टी.ने शिरूरला गेल्या. गोळ्या फडताळात, पाणी नवसात, आणि मी दारात.

त्या रात्री मला अध्याय वाचताना ओळ लागेना. वन्सं चुकल्या असं मला म्हणता येत नव्हतं. देवाला शब्द दिला म्हणजे दिला, यावर तर माझं सगळं आयुष्य उभं. पण तो शब्द पाळला तर त्या मरणार होत्या, आणि माझ्या समजुतीप्रमाणे देवाला ते नको असणार. हे 'माझ्या समजुतीप्रमाणे' कुठून आलं? देवाच्या वतीने बोलणारी मी कोण? आणि दुसरं असं, की डॉक्टर छान का म्हणाले ते मला अजून कळलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच दवाखान्यात गेले. आजवर डॉक्टरांशी मी कधी सरळ बोलले नव्हते. हे बोलायचे, मी ऐकायची. माणसं कमी व्हायची वाट पाहिली आणि दाराशीच उभं राहून विचारलं, "डॉक्टरसाहेब, वन्संच्या डोक्यातली भोकं कधी बुजतील?"

"बुजतील?" ते लिहिता लिहिता थांबले. "नाही बुजत ती. बहुतेक कधीच नाही."

"मग गोळ्या लागू पडल्या नाहीत?"

"लागू पडल्यात. चांगल्या पडल्यात. आत या, बसा." त्यांनी जुनी फिल्म काढली. "हे बघा. हाड खाणारं जे आत वाढत होतं, ते आता थांबलंय. रक्तात दिसतं ते, त्यांच्या चालण्यात दिसतं. पण जेवढं हाड खाऊन झालं, तेवढं परत भरायची ताकद ह्या आजारात शरीराला राहत नाही. म्हणून फोटोत ते दिसतच राहणार."

"मग पुन्हा फोटो काढायचा कशाला?"

"नवी पडली का ते बघायला. एकही नवं पडलेलं नाही, म्हणून छान म्हणालो."

मी फिल्मकडे बघत राहिले. आपण फोटोत आजचं माणूस बघतो असं समजतो. हा फोटो मात्र झालेलं दाखवत होता. चाललेलं काय ते दोन फोटो शेजारी ठेवल्याशिवाय कळत नव्हतं, आणि तेही जे नाही त्यावरून.

"म्हणजे त्या बऱ्या झाल्या?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "बऱ्या नाही. रोग दबलाय. वर्षभर, दोन वर्षं, कदाचित जास्तही. गोळ्या चालू राहिल्या तर. आणि मूत्रपिंडं टिकली तर."

मग मी त्यांना शनिवारचं सांगितलं. ते एकदम उठलेच. "अहो, आठवड्यातनं अख्खा दिवस? ह्या आजारात? म्हणूनच युरिया वर गेलाय. एखादा शनिवार असा येईल की लघवी बंद होईल, आणि मग माझ्या हातात काही नाही. त्यांना सांगा हे."

"सांगितलं तर त्या पितील असं वाटतं तुम्हाला?"

त्यांनी जरा विचार केला. "बाईंचा स्वभाव पाहता, नाही."

"मलाही नाही वाटत," मी म्हटलं, आणि उठले.

शुक्रवारी ह्यांना डबा भरून दिला आणि शिरूरची एस.टी. धरली. गोळ्यांची डबी कनवटीला होती.

वन्सं ओसरीवर सूप घेऊन हुलगे निवडत बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आलीस व्हय? साहेबानं धाडलं का तुझ्या देवानं?"

"माझी मीच आले."

पाणी दिलं, चहा केला. मीही सुपाशी बसले. हुलग्यांना भुंगा लागला होता, दाण्यादाण्याला भोक. मी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. फक्त तो एक शब्द सोडून. भोकं बुजणार नाहीत, हेही सांगितलं.

त्यांचा हात सुपातच थांबला. "कवाच न्हाई?"

"कधीच नाही. पण खाणारा थांबलाय. हे हुलगे उन्हात घातले म्हणजे भुंगा मरतो की नाही? मग दाण्याचं भोक बुजतं का?"

"बुजंल कसं?" त्या म्हणाल्या. एक दाणा उचलून उजेडाकडे धरला. "पर भुंगा मेला की दाना शिजतो. खाता येतो."

"तेच डॉक्टर म्हणत होते."

बराच वेळ त्या दाणे निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग म्या देवाला असं बोलले जे व्हनारच न्हाई."

"तुम्हाला ठाऊक नव्हतं."

"त्येला हुतं की! तवाच म्हनायचं, चांगुणे, गप ऱ्हा, जरा नीट इचार करून बोल." हसल्या, पण डोळे भरले. "आता मरस्तोवर कोरडं शनवार. हाय काय आन् न्हाई काय."

"मग मरण शनिवारीच येईल," मी म्हटलं. एवढं कठोर मी कुणाला कधी बोलले नव्हते. "डॉक्टरांनी तसंच सांगितलंय. पाण्याचा एक दिवस चुकला तरी."

"येऊ दे. पर बोल मोडायचा न्हाई."

"बोल मोडा असं मी म्हणत नाही. तो मला द्या."

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं. आमच्या माहेरी जुनी रीत आहे. व्रत घेतलेलं माणूस आजारी पडलं, बाळंत झालं, की घरातल्या दुसऱ्याने ते त्याच्या नावाने चालवायचं. व्रत खंडत नाही, देवाचं देणं देवाला पोचतं. अट एवढीच, की ज्याचं आहे त्याने स्वतःच्या हाताने द्यायचं. हातावर पाणी सोडून, देवासमोर.

"येडी झालीस का गं?" वन्सं सूप बाजूला सारून उठल्याच. "माझं मराण तुझ्या गळ्यात घालू?"

"माझी मूत्रपिंडं धडधाकट आहेत. मला एक दिवस पाणी नसलं तर घसा सुकेल. तुम्हाला नसलं तर तुम्ही जाल."

"आन् कवापत्तूर करशील?"

"भोकं बुजेपर्यंत."

"ती बुजनार न्हाईत म्हनलीस की आत्ता."

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली बसल्या. मोठ्याने बोलायला लागल्या, साहेबाला काय सांगू, लोक काय म्हणतील, नणंदेनं भावजयीला पाण्यावाचून मारली म्हणतील. मी ऐकून घेतलं. वाद घालायची मला सवय नाही. निवडलेले हुलगे डब्यात भरले, झाकण लावलं.

शनिवारी झुंजूमुंजू व्हायच्या आत आम्ही घाटावर गेलो. वन्संच्या हातात तांब्या होता, पण त्या देईन असं म्हणाल्या नव्हत्या. मारुतीच्या पायरीपाशी आम्ही दुरूनच उभ्या राहिलो. नदीला पाणी बरंच होतं. पूर्वेला तांबडं फुटत होतं.

"सूर्य वर आला की माझं सुरू व्हनार," वन्सं म्हणाल्या.

"त्याआधीच द्यायला हवं."

"अंजने, म्या तुला सारखी टोचून बोलले. देव-देव करतीस म्हनून. आन् तू..."

"ते चालू ठेवा. त्याला काही होत नाही."

मी ओंजळ पुढे केली. मागितली नाही, नुसती धरली. हात दुखायला लागेपर्यंत धरून ठेवली. शेवटी वन्संनी पुटपुटत मारुतीला काहीतरी सांगितलं, मला सगळं ऐकू आलं नाही. "...माझं हुतं, आता हिला दिलं, तू हिला सांभाळ, न्हाईतर माझ्याशी गाठ हाय" एवढं ऐकलं. आणि माझ्या ओंजळीत पाणी पडलं. मी ते पायरीवर सोडलं.

तांब्यात अर्धंअधिक पाणी उरलं होतं. त्या त्याच्याकडे बघत उभ्या.

"ह्ये पिऊ?"

"प्या."

"त्यो बघतोय."

"बघू दे. त्याच्यासमोरच दिलंय."

एक घोट घेतला, थांबल्या, देवळाकडे पाहिलं. काही झालं नाही. नदीवर कुणीतरी कपडे धुवायला आलं होतं, त्याचा आवाज तेवढा. मग उरलेलं प्यायल्या.

घरी येऊन मी डबी पुढे केली. चार दिवसांच्या गोळ्यांची पाळी आलीच होती. त्यांनी तोंड वाकडं केलं, गोळी गिळली, वर पाणी घेतलं. दगडाबाईंनी धारा काढून किटली आणली. कोणाचं दूध किती, कोणाचं राहिलं, यात सकाळ गेली. मी केर काढला, सारवलं, जप केला. माझा पहिलाच असा शनिवार होता. दुपारपर्यंत काही वाटलं नाही. दुपारनंतर जीभ टाळूला चिकटायला लागली आणि माठावरचं ओलं फडकं सारखं डोळ्यांपुढे येऊ लागलं. वन्संनी चैत्र, वैशाख असे काढले होते, दुखणं अंगात घेऊन, कुणाला न सांगता. मी त्यांना कधी देवभोळ्या समजले नव्हते. ओसरीवर बसून मी त्यांच्याकडे नव्याने बघत होते आणि त्यांना ते आवडत नव्हतं.

"काय बघतीस? बोलत बी न्हाईस."

"बोललं की घसा सुकतो."

"बघ, म्हनलं न्हवतं? चल, माघारी दे माझं."

मी मान हलवली.

ऊन कलल्यावर त्या आत गेल्या. माठाचं झाकण वाजलं. बराच वेळ आल्या नाहीत म्हणून मी उंबऱ्यात जाऊन पाहिलं. त्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून, तांब्या पदराआड धरून उभ्या होत्या.

"तिकडं का तोंड?"

"तुझ्याम्होरं पानी प्यायची लाज वाटती गं. तू तिथं सुकलीस, आन् म्या घटाघटा..."

"लाज वाटू द्या. पण भिंतीकडे तोंड करून प्यायलात की सांडलंत, मला कसं कळणार?"

"इश्वास न्हाई व्हय?"

"पाच-सहा महिने उशाशी भरलेला तांब्या मी बघत होते, वन्सं."

त्या खुदकन हसल्या. मग डोळे पुसले. मग वळल्या, तांब्या दोन्ही हातांनी धरला, आणि माझ्याकडे बघत बघत, एकही थेंब न सांडता, पाणी प्यायल्या.